चष्मेवाला कोगुरे आणि आमची ‘दहावी’

संपादक मंडळानं ‘मला भावलेलं पुस्तक’ या विभागासाठी लेख मागवले आहेत, असं सूचना फलकावर वाचलं आणि मी दोन दिवस गप्प बसले. मला भावलेलं पुस्तक सांगायचं म्हणजे मोठीच पंचाईत होती. ते मराठी नाही, ते जपानी आहे. त्याचे खंड एकतीस. ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे त्यात चित्रं आहेत! वाङ्मय हा विषय घेतलेल्या मुलीनं महाविद्यालयाच्या वार्षिकात चित्रांच्या पुस्तकावर लिहावं, हे आमच्या विभागाला कितपत रुचेल, याची धास्ती होती. शेवटी इंग्रजीच्या बाईंना भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, “चित्रं आहेत म्हणून कमी लेखू नकोस आणि चित्रं आहेत म्हणून डोक्यावरही घेऊ नकोस. माणसं कशी उभी केली आहेत ते लिही.” म्हणून हे धाडस.

पुस्तकाचं नाव ‘स्लॅम डंक’. लेखक आणि चित्रकार एकच, ताकेहिको इनोउए. ही बास्केटबॉलची कथा जपानमध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून 1990 ते 1996 अशी सहा वर्षं क्रमशः येत होती. आपल्याकडे दिवाळी अंकाची वाट पाहावी तशी तिथली मुलं दर आठवड्याला तिची वाट पाहत असणार. मला मात्र वाट पाहावी लागली नाही. माझ्याकडे वेळच वेळ होता, कारण माझा गुडघा गेला होता.

ते आधी सांगायला हवं. मी आमच्या महाविद्यालयाच्या खो-खो संघात खेळते. ‘खेळत होते’ म्हणावं की ‘खेळते’ म्हणावं, हा गेलं वर्षभर माझ्या आयुष्यातला व्याकरणाचा मुख्य प्रश्न होता. खांबावर सूर मारण्यात माझा हात धरणारी जिल्ह्यात कोणी नाही, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा मीच जास्त म्हणत असे. गेल्या वर्षी ऑगस्टात, पावसानं निसरड्या झालेल्या मैदानावर सरांनी नको म्हटलं असताना मी सूर मारला आणि उजवा पाय शरीराबरोबर यायचा विसरला. डॉक्टरांनी लिगामेंट दुखावल्याचं सांगितलं. तीन महिने मैदान बंद. विभागीय सामने दोन महिन्यांवर.

वसतिगृहाच्या खोलीत पाय उशीवर ठेवून मी पडून राहिले. संध्याकाळी मैदानावरून शिट्टीचा आवाज येई, तेव्हा मी खिडकी लावून घेई. मैत्रिणी भेटायला आल्या तर झोपेचं सोंग घेई. माझ्याशिवाय सराव चालू शकतो, हीच गोष्ट मला सहन होत नव्हती.

मेसचा डबा मात्र कोणीतरी आणायलाच हवा होता. तो आणायची ‘दहावी’.

वाचकहो, हे तिचं खरं नाव नव्हे. खो-खोत नऊ जणी मैदानात उतरतात. आठ जणी चौकोनांत बसतात आणि नववी पाठलाग करते. ही दोन वर्षं राखीव होती. शिटी वाजली की नऊ जणी आत जायच्या आणि ही पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या चपला आणि आमचे मोबाईल सांभाळत बाहेर बसायची. नऊनंतरची म्हणून दहावी. ‘आमची दहावी यंदा तरी पास होणार का?’ असा एक विनोद संघात चालायचा. ती स्वतःही त्यावर हसायची. हा विनोद प्रथम कोणी केला, हे मी या लेखात नंतर सांगणार होते. पण आताच सांगून टाकते. मीच केला होता.

तर ही दहावी चौथ्या दिवशी डब्याबरोबर एक पिशवी घेऊन आली. तिच्या पुण्याच्या मावसभावाकडून तिनं आणलेले ‘स्लॅम डंक’च्या इंग्रजी भाषांतराचे पहिले सहा खंड त्यात होते. “वाचून बघ,” एवढंच म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली. मी दोन दिवस पिशवीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळून पहिला खंड उघडला, तो उलट्या बाजूनं. पहाटे तीन वाजता मी चौथ्या खंडात होते.

कथा सांगायला साधी आहे. कानागावा प्रांतातल्या शोहोकू नावाच्या शाळेत साकुरागी हानामिची हा लाल केसांचा, उंच, भांडखोर मुलगा दाखल होतो. आधीच्या शाळेत त्याला पन्नास मुलींनी नकार दिलेला असतो. पन्नासावीला तर बास्केटबॉल खेळणारा दुसराच आवडत असतो, त्यामुळे या खेळाचं नाव काढलं तरी साकुरागीचं डोकं फिरतं. नेमकी त्याच वेळी हारुको नावाची मुलगी त्याची उंची पाहून, तुला बास्केटबॉल आवडतो का, असं विचारते. साकुरागी पाघळतो आणि धडधडीत खोटं बोलून संघात शिरतो. एप्रिलमध्ये हे घडतं आणि ऑगस्टाच्या सुरुवातीला कथा संपते. एकतीस खंड आणि महिने अवघे चार! हिरोशिमाला सान्नो या अजिंक्य संघाशी झालेल्या शेवटच्या एका सामन्यालाच सहा-सात खंड लागतात.

इतका सावकाश चालणारा लेखक वाचकाला धरून कसा ठेवतो, हे मला आधी कळेना. खेळाच्या गोष्टी मी लहानपणी वाचल्या होत्या. त्यांत नायक शेवटच्या क्षणी गोल करतो, प्रतिस्पर्धी दुष्ट असतो आणि बाकीचे खेळाडू टाळ्या वाजवण्यापुरते असतात. इथे उलट आहे. इथे प्रतिस्पर्ध्यालाही घर आहे, गुरू आहे, भीती आहे. र्योनान संघाचा धिप्पाड कप्तान उओझुमी हा शोहोकूच्या कप्तान आकागीचा कट्टर प्रतिस्पर्धी. तो हरतो, खेळ सोडतो आणि आचारी व्हायला निघतो. पुढे सान्नोच्या सामन्यात आकागी खचतो, तेव्हा हा उओझुमी आचाऱ्याच्या पांढऱ्या वेषात थेट मैदानावर येतो आणि खाली बसून भला मोठा मुळा सोलायला लागतो! मी आधी खोखो हसले. मग त्याचं म्हणणं कळलं. ताटात मुख्य पदार्थाला खुलवण्यासाठी खाली मुळ्याचा कीस असतो. तू तो मुळा हो, दुसऱ्यांना खुलव, असं तो आपल्या जुन्या वैऱ्याला सांगायला आलेला असतो. हरलेल्या माणसाला लेखकानं कामाला लावलं आहे, आणि तेही त्याच्या नव्या धंद्याच्या भाषेत बोलायला लावून.

आणि मग मित्सुई. मित्सुई हिसाशी आधीच्या शाळेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला. आन्झाई गुरुजींनी त्याला एका हरत आलेल्या सामन्यात धीर दिलेला, म्हणून मोठमोठ्या संघांची बोलावणी सोडून तो त्यांच्या शोहोकूत येतो. पहिल्याच वर्षी गुडघा दुखावतो. घाईनं परत येतो, पुन्हा दुखावतो. इस्पितळातून पळून येऊन पाहतो, तर आकागी खेळतो आहे, लोक त्याचं कौतुक करताहेत. मित्सुई खेळ सोडतो, गुंडांच्या टोळीत जातो. दोन वर्षांनी संघच बंद पाडावा म्हणून टोळी घेऊन व्यायामशाळेत शिरतो आणि मारामारी करतो. त्या धुमश्चक्रीत शेवटी दारातून आन्झाई गुरुजी येतात. त्यांना पाहिल्याबरोबर हा लांब केसांचा, दात पडलेला गुंड गुडघ्यांवर कोसळतो आणि रडत रडत कबूल करतो की मला अजून खेळायचं आहे.

हे पान मी वाचलं तेव्हा मैदानावर सराव चालू होता. मी उठून खिडकी उघडली. त्याहून जास्त काही लिहीत नाही.

याच सुमारास वर्गात बाई आम्हांला ई. एम. फॉर्स्टर शिकवत होत्या. त्याच्या ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या 1927 सालच्या पुस्तकात पात्रांचे दोन प्रकार सांगितले आहेत, सपाट आणि गोल. सपाट पात्र एका वाक्यात सांगून संपतं. गोल पात्राची परीक्षा अशी, की ते आपल्याला चकित करू शकतं आणि तरीही ते आपल्याला पटतं. मी काठी टेकत वर्गात जाऊन बसले होते. बाई उदाहरणं डिकन्सची देत होत्या आणि मी वहीच्या कडेला शोहोकूच्या खेळाडूंची नावं लिहून त्यांच्यापुढे ‘स’ किंवा ‘गो’ असं मांडत होते. साकुरागी, गो. आकागी, गो. मित्सुई, गो गो गो. रुकावा हा संघातला सर्वांत हुशार खेळाडू. तो कोणाशी बोलत नाही, सायकल चालवताना झोपतो आणि कोणाला चेंडू देत नाही. त्याच्यापुढे मी बराच वेळ प्रश्नचिन्ह ठेवलं. कोगुरेपुढे मात्र चटकन ‘स’ लिहून मोकळी झाले.

कोगुरे किमिनोबू म्हणजे संघाचा उपकप्तान. चष्मा लावतो. सगळ्यांशी नीट बोलतो, भांडणं सोडवतो. साकुरागीला त्याचं नावसुद्धा लक्षात राहत नाही, तो त्याला नुसता ‘चष्मेवाला’ म्हणतो. प्रकृती सुधारावी म्हणून त्यानं हा खेळ धरला आणि आकागीबरोबर शाळेपासून तो टिकून राहिला. दुसरे कंटाळून सोडून गेले, हा राहिला. मित्सुई आणि इतर गुणी मुलं संघात आली, तशी याची जागा बाहेरच्या बाकावर ठरली. म्हणजे, एका वाक्यात संपला. सपाट.

मग प्रांताच्या अंतिम फेरीत शोहोकू आणि र्योनान यांचा सामना येतो. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. दमछाक होऊन मित्सुई कोसळतो आणि कोगुरेला आत पाठवलं जातं. अखेरची मिनिटं, शोहोकू एका गुणानं पुढे. र्योनानचे प्रशिक्षक ताओका हिशेब करतात आणि आपल्या खेळाडूंना सांगतात की चष्मेवाल्याला मोकळा सोडा, बाकीच्यांना धरा. हिशेब अगदी बरोबर आहे. मीही वहीत तेच केलं होतं! चेंडू मोकळ्या कोगुरेच्या हातात येतो. तो तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकतो आणि चेंडू जाळीत पडतो. ते तीन गुण र्योनानला पेलत नाहीत. शोहोकू 70–66 असं जिंकतं. सामन्यानंतर ताओका पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेतात. आपण या मुलाला कमी लेखलं, तोही तीन वर्षं घाम गाळत होता, हे ते उघड मान्य करतात.

या प्रसंगाची खुबी माझ्या मते अशी आहे. लेखकानं तेरा-चौदा नव्हे, वीसच्या वर खंड कोगुरेला आपल्यासमोर बसवून ठेवलं आणि आपल्याला त्याच्याकडे पाहू दिलं नाही. लपवलं काहीच नाही. तो रोज सरावाला होता, प्रत्येक पानाच्या कडेला होता. व्यायामशाळेतल्या मारामारीत मित्सुईसमोर जाऊन उभा राहिला तोही हाच आणि मित्सुईचा भूतकाळ सर्वांना सांगणाराही हाच. म्हणून तो नेम लागतो तेव्हा आपण चकित होतो आणि त्याच क्षणी मनात येतं, लागणारच होता! फॉर्स्टरच्या परीक्षेत कोगुरे पहिल्या वर्गात उत्तीर्ण. नापास झाला तो हिशेब करणारा, आणि त्याच्याबरोबर वाचणारी.

मी वही काढली, ‘स’ खोडला. मग डबा आणणारीचा विचार मनात आला आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं.

या मालिकेत सगळं चांगलंच आहे, असं मी म्हणणार नाही. मुलींच्या बाबतीत लेखकाचा हात आखडलेला आहे. हारुकोला खेळाचं मर्म कळतं, ती स्वतः पूर्वी खेळलेली आहे. पण बहुतेक पानांवर तिला काठावर उभं राहून डोळे पुसायचं काम दिलेलं आहे. मैदानावर पडून गुडघे फोडून घेणाऱ्या आम्हा मुलींना हे खटकतं. शिवाय मियागी हा अवघ्या 168 सेंटिमीटर उंचीचा चपळ खेळाडू पाचांत असूनही त्याच्या घरादाराविषयी मालिकेत फारसं येत नाही. हे लेखकालाही जाणवत असावं. मालिका संपल्यानंतर छब्बीस वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, इनोउए यांनी स्वतः लिहून आणि दिग्दर्शित करून ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा चित्रपट काढला. सामना तोच, सान्नोचा. पण मध्यभागी आणला मियागी, त्याची ओकिनावातली शाळकरी वर्षं, समुद्रात गमावलेला थोरला भाऊ आणि न बोलणारी आई. इतक्या वर्षांनी एखादा लेखक आपल्याच एका पात्राकडे परत जातो, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता आमच्या सामन्याविषयी. विभागीय सामन्यांना मी गुडघ्याला पट्टा बांधून गेले आणि आयुष्यात प्रथमच चपलांच्या ढिगाशेजारी बसले. माझ्या जागी आत गेली ती दहावी. ती खांबावर सूर मारू शकत नाही, म्हणून सरांनी तिला मधल्या चौकोनात बसवलं. बाहेरून खेळ किती वेगळा दिसतो! आत असताना मला फक्त पुढची पाठ दिसायची. इथून सगळं दिसत होतं.

जाताना ती माझ्या मांडीवर एक वही टाकून गेली होती. मला वाटलं हिशेबाची असेल. उघडून पाहिली तर दोन वर्षांतल्या प्रत्येक सामन्याची टिपणं होती. समोरच्या संघातली कोणती मुलगी साखळी खेळताना कोणत्या चौकोनाजवळ वळते, कोण थकली की डावीकडे पाहते, कोण हुलकावणी देण्याआधी ओढणीच्या गाठीला हात लावते. आमच्याही नोंदी होत्या. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: ‘सूर मारण्याआधी प्रेक्षकांकडे पाहते.’

दुसऱ्या डावात समोरची सर्वांत चपळ पळणारी साखळी खेळत होती. आमची ही उठायला मंद आहे, हे तिनं पहिल्या डावात हेरलं होतं, म्हणून तिच्या चौकोनाजवळून ती बेफिकीर वळत होती. पाचव्या वेळी ती वळली, तेव्हा आमची आधीच टाच उचलून बसली होती. मागून ‘खो’ आला, ही उठली आणि दोन पावलांत तिच्या पाठीला हात लावला. गडी बाद!

मी चपलांच्या ढिगात उभी राहून ओरडले. काय ओरडले, ते मला आठवत नाही. मैत्रिणी म्हणतात, मी ‘कोगुरे’ म्हणून ओरडले.

सामना आम्ही हरलो. दोन गुणांनी. कथेसारखं झालं नाही. परतीच्या एस. टी.त मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. विनोदाबद्दल माफी मागायची होती, ती मी दोन थांबे जाईपर्यंत लांबवली आणि तिसऱ्यावर कशीबशी मागितली. ती खिडकीबाहेर बघत “बरं” म्हणाली. मग मी उत्साहानं सांगत सुटले, की मला सगळं समजलं. तू मला ती पुस्तकं का दिलीस ते समजलं. कोगुरे म्हणजे तूच आहेस!

ती माझ्याकडे वळली. प्रथमच मला तिच्या चेहऱ्यावर राग दिसला.

“मला कोगुरे मुळीच आवडत नाही,” ती म्हणाली. “मला रुकावा आवडतो. तो कोणाच्या बाटल्या भरत नाही. झोप आली की झोपतो आणि उठला की सगळ्यांपेक्षा चांगलं खेळतो. मला तसं व्हायचंय. बाकावर बसायला आवडतं म्हणून मी बसते, असं वाटलं तुला?”

मी गप्प.

“आणि पुस्तकं मित्सुईसाठी दिली होती. तू खिडकी लावून बसायचीस म्हणून.”

मग पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून तिनं माझ्यापुढे धरली आणि डोळे मिटून झोपी गेली. एस. टी. खड्ड्यांतून उड्या मारत होती, तरी तिची झोप मोडली नाही. रुकावा शोभली.

पुढे सांगण्यासारखं थोडंच आहे. या वर्षी ती मधल्या चौकोनात कायम बसते आणि सराव संपल्यावर अंधार पडेपर्यंत एकटी खांबावर सूर मारायला शिकते. शिकवायला मी असते. वर्तमानकाळ वापरायला डॉक्टरांनी मला परवानगी दिली आहे, पण बाटल्या या वर्षी आम्ही पाळीपाळीनं भरतो. संघात तिला आता सगळ्या जणी तिच्या नावानं हाक मारतात. ते नाव या लेखात घालू का, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, “नको. तू लिहिशील ते माझ्यासारखं नसणारच.”

म्हणून घातलं नाही. वहीतल्या यादीत मात्र तिचं नाव आहे. त्याच्यापुढे मी अजून काहीच लिहिलेलं नाही.